भागूचं पान

बेंगळूरच्या हलसूर तळ्याच्या मागच्या अंगाला मुलींचा एक जुना आश्रम होता आणि त्या आश्रमात सोयराक्का होती. यातलं आधी कोण आलं, असा प्रश्न पुढे पुढे पडायला लागला. कारण आश्रमात वाढून, लग्नं होऊन गेलेल्या मुली आपल्या मुलींना घेऊन भेटायला यायच्या, तेव्हाही ती त्याच स्वयंपाकघरात, त्याच चुलीसमोर, कपाळाला तशीच आठी घालून उभी असायची. "बस, जेवून जा," एवढंच ती पाहुण्यांशी बोलायची आणि तेही दटावल्यासारखं. तिच्या हातचं खाऊन दोन पिढ्या मोठ्या झाल्या, पण तिला हसताना पाहिलेली मुलगी एखादीच सापडेल.

आश्रमात ती आली ती स्वयंपाकीण म्हणून नव्हे, पोर म्हणून. मोठ्या लढाईचे दिवस होते. बाप फौजेत होता, तो ब्रह्मदेशाच्या जंगलात कुठेतरी राहिला. आईनं ती बातमी ऐकून अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. मग चुलत्यानं एका हाताला नऊ वर्षांची सोयरा आणि दुसऱ्या हाताला पाच वर्षांची भागू धरून दोघींना आश्रमाच्या पायरीवर आणून बसवलं, मोठ्या बाईंना नमस्कार केला आणि 'पुढच्या सणाला न्यायला येतो' म्हणून तो निघून गेला. त्याच्याकडचे सण त्यानंतर संपले असावेत, कारण तो काही आला नाही.

विमानं येतील म्हणून तेव्हा खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटवले होते. दिवसासुद्धा आश्रमात संध्याकाळ असल्यासारखं वाटायचं. बाहेरून लष्कराच्या गाड्या गेल्या की ताटं थरथरायची. तांदूळ मिळत नव्हता, म्हणून रोज नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, आणि ते मुद्दे न चावता गिळायची सवय सगळ्या पोरींनी लावून घेतली होती. भागूला ती कधी लागलीच नाही. एक घास गालात धरून ती मुंग्यांची रांग बघत बसायची. बाकीच्यांची ताटं घासून पालथी पडली तरी हिचं निम्मंही संपलेलं नसायचं. सोयरा शेजारी बसून राहायची, कारण ती उठली की भागूचं ताट कोणीतरी पळवायचं. "सोयरा, तुझी बहीण जेवते की रवंथ करते?" असं मोठ्या बाई विचारायच्या. मोठ्या बाई म्हणजे आश्रम चालवणाऱ्या बाई, मनानं वाईट नव्हत्या. रविवारी मात्र उडदाचे वडे असायचे. भागू आपला वडा बोटात अंगठीसारखा घालायची आणि चहूबाजूंनी कुरतडत कुरतडत शेवटी बोट चाटायची. हा सोहळा दुपारपर्यंत चालायचा.

पावसाळ्यात भागूला ताप आला. तो उतरेना. गावातल्या दवाखान्यांत खाटा नव्हत्या, म्हणून मोठ्या बाईंनी कोणाकोणाचे पाय धरून लष्कराची गाडी मागवली. करड्या कांबळ्यात गुंडाळलेली भागू गाडीत चढवली गेली. सोयरा फाटकापर्यंत धावली, तिथं तिला मोठ्या बाईंनी कवेत धरलं. "रडायचं नाही. बरी होईल ती. रविवारी येईल."

रविवारी सोयरा वेणी घालून पायरीवर बसली. आपल्या वाटणीचा वडा तिनं फडक्यात बांधून ठेवला होता. भागू आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. विचारलं की मोठ्या बाई तेच सांगायच्या. बरी आहे, रविवारी येईल. किती रविवार तिनं असे पायरीवर काढले कोण जाणे. पुढे तिनं विचारणं सोडलं, पण ते उत्तर मात्र सोडलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीला खरं सांगायला ज्यांची जीभ रेटत नाही, ते तिच्या गळ्यात जन्माचं ओझं बांधून मोकळे होतात आणि वर त्याला माया म्हणतात. मोठ्या बाईंचं चांगलं ते सगळं कबूल आहे, पण हे नाही.

लढाई संपली, काळे कागद निघाले. सोयरा वयात आली तशी आश्रमाच्या लोकांनी तिच्यासाठी स्थळं पाहिली. एक छापखान्यातला कारकून होता, चांगला निर्व्यसनी. ती नाही म्हणाली. का, ते सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. मी इथून गेले आणि ती आली तर कुणाला विचारेल, एवढंच तिच्या मनात होतं, आणि हे मोठ्यानं बोललं की ते वेडेपणाचं वाटेल हे कळण्याइतकी ती शहाणी होती. ती चुलीपाशी गेली आणि तिथेच राहिली. सोयराची सोयराक्का झाली.

नव्या मुली यायच्या. रात्र पडायच्या आत रडायला लागायच्या. आई कुठेय, कधी येईल, असं विचारत तिच्या लुगड्याला लोंबकळायच्या. आणि सोयराक्का, जिनं हे उत्तर स्वतः भोगलं होतं, तीसुद्धा म्हणायची, "येईल हं. रविवारी येईल." तोंडून गेलं की ती कोठीत जाऊन धान्याच्या पिंपांमध्ये थोडा वेळ नुसती उभी राहायची. मग येऊन फोडणी घालायची.

मोठ्या बाई म्हाताऱ्या झाल्या, त्यांचं शेवटचं दुखणं सोयराक्कानंच काढलं. एका दुपारी पेज भरवताना तिनं धीर केला. "बाई, भागूचं काय झालं होतं?" बाईंना तेव्हा फारसं काही उमगत नव्हतं. भिंतीकडे बघत, पोरीला समजवावं तशा मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "बरी आहे. रविवारी येईल." सोयराक्कानं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. जगात जे एकच माणूस सांगू शकलं असतं तेही त्याच महिन्यात गेलं.

आता पानाचं सांगायला हवं. बेंगळूरच्या जुन्या मराठा घरांत महालय अमावास्येला गेलेल्यांची पानं वाढतात. एकेका माणसाचं एकेक केळीचं पान, त्याच्या आवडीचं अन्न, आणि वाढताना त्याचं नाव घ्यायचं. वाढलं की सगळ्यांनी बाहेर यायचं आणि खोलीचं दार ओढून घ्यायचं, म्हणजे आलेल्याला निवांत जेवता येतं. दार थोड्या वेळानं उघडायचं. पुरुषांनी करायचं काम हे, पण सोयराक्काच्या घरात पुरुष कुठून आणायचा? ती दरवर्षी कोठी सारवून दोन पानं मांडायची. एक बापाचं, एक आईचं. तिसरं पान तिनं कधीच मांडलं नाही. मांडलं असतं तर भागू मेली असती.

पंचाण्णव साली आश्रम तिथून उठला. मुलींना बेळ्ळंदूरकडे नव्या इमारतीत नेलं, हलसूरची जागा एका बांधकामवाल्याला विकली. "सोयराक्का, तुम्हीपण चला," असं सगळे म्हणाले. ती राखण करायला म्हणून मागे राहिली. रिकाम्या इमारतीत राखायचं काय होतं, ते तिलाच ठाऊक. पावसाळा संपता संपता पाडायला लोक येणार होते. आश्रमात वाढलेली रम्या आता यशवंतपूरला राहत होती. तिनं आपल्या घरामागची खोली झाडून ठेवली आणि निरोपावर निरोप पाठवले. सोयराक्का दरवेळी 'पुढच्या आठवड्यात' म्हणायची.

अशात सिनेमावाले आले. मोठी लढाई संपून त्या साली पन्नास वर्षं होत होती, वर्तमानपत्रांत जुने फोटो छापून येत होते. त्यावरून गिरीराज नावाच्या एका तरुण दिग्दर्शकाच्या डोक्यात भुताचा सिनेमा शिरला होता. लढाईतला अनाथाश्रम आणि त्यात उपाशी हिंडणारं एका लहान मुलीचं भूत. पडणार असलेली इमारत त्याला फुकटासारखी मिळाली. गिरीराज मूळचा चिक्कपेटेतल्या जुन्या मराठा घरातला, त्यामुळे सोयराक्काशी तो घरचं मराठी बोलायचा. पहिल्याच दिवशी त्यानं उत्साहानं विचारलं, "अक्का, खरं सांगा, इथं भूत आहे का?"

"असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

त्यांनी खिडक्यांना काळे कपडे लावले. भर दुपारी पुन्हा ती संध्याकाळ आत आली. भुताचं काम करणारी स्मृती सात वर्षांची होती. तोंडाला पांढरं फासून, फाटका झगा घालून ती जिन्यावरून उतरायची आणि 'कट' म्हटलं की झगा वर करून गुडघ्यावरची खपली काढत बसायची. तिची आई महानंदा निपाणीकडची, सतत पोरीच्या मागे. पोरगी जाड दिसायला नको म्हणून तिला दिवसभर बिस्किटांवर ठेवायची. भूत उपाशी आहे हे कॅमेऱ्यात दिसायला हवं म्हणे. सोयराक्काला ते बघवायचं नाही.

सिनेमात शेवटी आश्रमाची म्हातारी स्वयंपाकीण त्या मेलेल्या पोरीचं पान मांडते, दार ओढून घेते, दार उघडलं की पानापाशी भूत बसलेलं दिसतं, असा प्रसंग होता. स्वयंपाकिणीचं काम करणारी नटी आजारी पडली. गिरीराज सोयराक्काकडे आला.

"तुमचे हात आणि पाठ एवढंच दिसेल, अक्का. पान वाढायचं, तोंडानं कुणाचंतरी नाव घ्यायचं, बाहेर यायचं, दार ओढायचं. मी सांगितलं की उघडायचं. स्वल्प काम आहे."

"खोटं पान मांडायचं नसतं."

"सिनेमाच आहे हो."

"तुझ्या घरात मांडतात ना पानं? आईला विचार तुझ्या. मांडायचं तर अन्न खरं लागतं आणि नावही खरं. नाहीतर भलतंच कोणी येऊन बसतं."

"सरी, बरं. खरं मांडा मग," गिरीराज खूश होऊन म्हणाला. त्याला चित्र हवं होतं, बाकी काही नको होतं.

त्या दिवशी ती चुलीपाशी बसून राहिली. नाव खरं हवं, हे आपल्याच तोंडून निघून गेलं होतं. आईबापाचं नाव घ्यायचं तर ती काही लहान पोरं नव्हती, प्रसंग लहान पोरीचा होता. आणि इमारत तर पडणारच होती. आपण यशवंतपूरच्या खोलीत जाऊन बसल्यावर इथल्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी भागू येणार होती का? आली असती तर ती आता सत्तावन्न वर्षांची बाई असती, आणि सत्तावन्न वर्षांची भागू सोयराक्काला कधी मनात आणताच आली नव्हती. तिच्या मनातली भागू पाचच वर्षांची होती. जिवंत माणसाचं वय वाढतं. हे तिला इतकी वर्षं ठाऊक होतं आणि इतकी वर्षं तिनं ते स्वतःशी बोलायचं टाळलं होतं.

सकाळी डोक्यावरून न्हाऊन तिनं स्वयंपाक केला. भात, सार, शेवयांची खीर, उडदाचे वडे. पानाचं अन्न आधी चाखायचं नसतं म्हणून काही चाखलं नाही. प्रसंग नेमका कोठीत होता. दिवे लागले, सगळे गप्प झाले. स्मृतीला कोपऱ्यात पिंपाआड लपवलं होतं, दार बंद झालं की तिनं पानापाशी येऊन बसायचं होतं. सोयराक्कानं पान धुतलं, मांडलं, एकेक पदार्थ वाढला. वड्याशी हात थांबला. मग ती म्हणाली, "भागू, जेव गं बाळ." इतकी वर्षं छातीत धरून ठेवलेलं ते असं चार शब्दांत संपलं. ती बाहेर आली आणि दार ओढलं.

"उघडा, अक्का," गिरीराज हळूच म्हणाला.

ती कडीवर हात ठेवून उभी राहिली. त्यानं परत सांगितलं. तिनं मान हलवली. बाहेर कॅमेरा चालू होता, माणसं एकमेकांकडे बघत होती, गिरीराजचा जीव खालीवर होत होता, आणि सोयराक्काला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की भागूला वेळ लागतो. शेजारी कोणी बसलं नाही तर तिचं ताट पळवतात. ती तशीच उभी राहिली, कितीतरी वेळ. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिनं पुसलं नाही. शेवटी तिनं दार उघडलं.

पान निम्मं संपलं होतं. स्मृती मांडी घालून बसली होती, हनुवटीवर खीर, आणि उजव्या हाताच्या बोटात वडा. भोक असलेला वडा दिला की कुठलंही मूल तो बोटात घालतं, यात नवल काही नाही. पण सोयराक्का उंबऱ्यातच खाली बसली.

मागून महानंदा आली आणि तिनं पोरीच्या हातातला वडा हिसकून घेतला. "अगं, म्हाळाचं पान खाल्लंस व्हय गं! मेलेल्याच्या तोंडचा घास खाल्लास?" ती पोरीच्या तोंडात बोट घालून घास बाहेर काढायला लागली. पोरगी भेदरून रडायला लागली. गिरीराज थांबवायला गेला तर ती त्याच्यावरच उलटली. मग सोयराक्कापुढे येऊन बसली, हात जोडून.

"अक्का, खरं सांगा. कुणाच्या नावानं वाढलं होतं? माझी एकच पोर हाय. तिला काय झालं तर मी काय करू?"

"भागू म्हणालात ना तुम्ही?" गिरीराजनं विचारलं. "कोण भागू?"

"माझी बहीण," सोयराक्का म्हणाली.

"गेल्याली?" महानंदानं विचारलं.

सगळे सोयराक्काकडे बघत होते. स्मृतीसुद्धा, पांढरं फासलेल्या तोंडावरून ओघळ घेऊन. पोरीला काही कळत नव्हतं, पण आपण काहीतरी भयंकर केलंय आणि आता आपलं काहीतरी होणार आहे, एवढं तिला कळलं होतं. ती भीती उद्यापासून तिच्याबरोबर वाढली असती. सोयराक्काला अशा भीतीची चांगली ओळख होती.

"गेलेली कशानं?" ती म्हणाली. "बरी आहे ती. रविवारी येणार आहे." आणि पदरानं तोंड पुसून, नेहमीच्या दटावणीच्या सुरात म्हणाली, "जित्या माणसाच्या नावाचं पान लागत नाही कुणाला. पोरीला भूक लागली, पोर जेवली. तोंडातला घास असा काढतात का? दे तो वडा तिचा."

महानंदा रडत रडत हसली. वडा पोरीला परत मिळाला. स्मृतीनं तो लगेच बोटात घातला आणि हुंदके आवरत म्हणाली, "आज्जी, यात मीठ नाही." सगळे मोकळे होऊन हसले. गिरीराजनं दृश्य पुन्हा घ्यायचं ठरवलं, या खेपेला रिकाम्या पानावर आणि दुसऱ्या कुणाच्यातरी हातांनी. सोयराक्का मागच्या पायरीवर जाऊन बसली. बावन्न वर्षांनी एकदा तिनं बहिणीला निरोप दिला होता आणि तो दुसऱ्याच्या लेकरासाठी तिला तिथल्या तिथे परत घ्यावा लागला. मोठ्या बाईंना फाटकापाशी काय वाटलं असेल, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांच्यावरचा राग त्यानं गेला नाही, पण तो धरायला आता पूर्वीसारखं बळ राहिलं नाही.

सिनेमावाले गेले. मग पाडणारे आले. सोयराक्का एक ट्रंक आणि वडे तळायची कढई घेऊन यशवंतपूरला गेली.

त्या वर्षी महालय अमावास्या रविवारी आली. तिनं रम्याकडे तीन पानं मागितली. रम्यानं तीन आणली आणि काही विचारलं नाही. लहानपणी 'रविवारी येईल' हे उत्तर तिनंही ऐकलं होतं. सोयराक्कानं खोली सारवली, स्वयंपाक केला, वड्याच्या पिठात मीठ आठवणीनं घातलं. बाप, आई, आणि मग शेवटचं पान भिंतीकडे, जिथून मुंग्यांची रांग जात होती. तिनं तिघांची नावं घेतली, बाहेर येऊन दार ओढलं आणि दारापाशी जमिनीवर बसली.

रम्याची मुलं भुकेनं किरकिरायला लागली. ऊन पायरीवरून उतरून अंगणात गेलं. शेवटी रम्या येऊन तिच्याशेजारी टेकली.

"अक्का, दार उघडायचं का आता?"

"आईअण्णांचं झालं असेल," सोयराक्का म्हणाली. "धाकटीचं व्हायचंय. ती सावकाश जेवते."